उद्यमनगरातले मिस्त्री आणि पुण्याला गाडी नेणारा पिकअप

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या या गॅरेजला माझे पाचपैकी पाच तारे. आमची डर्ट बाईक, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर मोटोक्रॉसच्या शर्यतीत पळवायची मोटारसायकल, पुण्याला नेऊन आणणाऱ्या पिकअपला चार. दोघांचा आपसात काही व्यवहार नाही, पण आमची गाडी धड सुरू व्हायला लागली ती दोघांमुळे, म्हणून एकत्रच लिहिते. मिस्त्रींच्या हाताखाली एकच पोरगा आहे, असल्या गाड्या ते मोजक्याच घेतात आणि नाव-नंबर कुठे टाकू नका म्हणून त्यांनी बजावलंय. लेथच्या दुकानांच्या रांगेत शिरून ‘क्रॉसच्या गाड्या कोण बघतं’ एवढं विचारलं की कुणीही बोट दाखवतं. पिकअपवाले मामा संध्याकाळच्या वेळी बहुतेक तिथेच कुठेतरी कास्टिंग भरत असतात.

गाडी माझ्या लेकीची. यामाहा वायझेड २५० एफ, २००८ चं मॉडेल, सेकंड हँड घेतलेली. पाण्याने थंड होणारं इंजिन, पाच व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, त्यातले तीन इनटेकचे (हवा-पेट्रोल आत घेणारे) आणि दोन एक्झॉस्टचे (धूर बाहेर टाकणारे), सगळे टायटॅनियमचे. कार्बोरेटर केहिनचा एफसीआर. सेल्फ नाही, किक मारूनच सुरू करायची. यामाहाने या गाडीला २०१४ च्या मॉडेलपासून कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन दिलं, आमची त्याच्या आधीची. हेडलाइट नाही, आरसे नाहीत, नंबरप्लेट नाही. ही रस्त्यावर चालवायची गाडीच नव्हे, त्यामुळे घरातून ट्रॅकपर्यंत ती दुसऱ्या गाडीत बसूनच जाणार. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, ती बघायला आम्ही मायलेकी गेलो होतो. तिथून परत येतानाच पोरीचं ठरलं होतं.

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, प्रयोगशाळेत नोकरीला आहे. दिवसभर मोजायचं आणि रजिस्टरला चढवायचं, हेच माझं काम. म्हणून कुणी काही न मोजता निदान सांगायला लागलं की माझा त्यावर विश्वास बसत नाही. या गाडीच्या बाबतीत मिस्त्रींच्या दारात पोचेपर्यंत मला फक्त निदानंच ऐकायला मिळाली.

त्रास असा होता. सकाळी थंड गाडी चोक ओढून कशीबशी सुरू व्हायची, पण चोक आत ढकलला की बंद. एकदा तापली आणि मातीत कुठे वळणावर बंद पडली की मग संपलंच. पोरगी किका मारून मारून घामाघूम व्हायची, बूट घसरायचा, पोटरीला किकचा दांडा लागून काळंनिळं व्हायचं. आणि तीच गाडी दोन-तीन पोरांनी ढकलून दुसऱ्या गिअरला टाकली की लगेच धडधडायला लागायची. एका गॅरेजने कार्बोरेटर उघडून धुतला. दुसऱ्याने त्यातले जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक भोकांचे तुकडे, बदलले. प्लग तर जो हात लावेल त्याने नवा घातला. प्रत्येक वेळी चार दिवस बरी चालायची आणि परत तेच. शेवटी एकाने तर ‘पोरीच्या जातीला ही किक झेपणारच नाही, सेल्फवाली घ्या’ असं तोंडावर सांगितलं. ते ऐकून लेक रडली नाही, पण घरी येईपर्यंत बोललीही नाही. मला ते फार लागलं.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला.

“ढकलून लागते काय?”

“लागते. लगेच.”

“मग कार्बोरेटर राहू दे बाजूला वहिनी. टॅपेट बघूया आधी.”

टॅपेट बघायचे म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबून उघडणारा कॅम यांच्यामधली फट मोजायची. त्यांचं म्हणणं असं. किक मारताना इंजिन हळू फिरतं, ढकलताना जोरात. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसेल तर हळू फिरताना दाबलेली हवा त्याच्या कडेने निसटायला भरपूर वेळ मिळतो, दाब तयारच होत नाही. जोरात फिरलं की निसटायला वेळ कमी पडतो आणि गाडी लागते. तापल्यावर व्हॉल्व्हचा दांडा आणखी थोडा लांबतो, कॅमखालची उरलीसुरली फट संपते आणि तो मिटतच नाही, म्हणून गरम गाडीचा त्रास जास्त. पेट्रोलचा दोष असता तर ढकलून इतकी सहज लागली नसती. मला हे पटलं, कारण यातली प्रत्येक गोष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिलेली होती आणि आजवर कुणी ती एकमेकींना जोडून दाखवली नव्हती.

गाडी त्यांनी रात्रभर ठेवून घेतली. टॅपेटचं माप थंड इंजिनवरच घ्यायचं असतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून तिथे बसले आणि ती रजा सार्थकी लागली. आधी त्यांनी सीट, टाकी, एअर फिल्टर काढला. प्लग काढून त्या जागी कॉम्प्रेसरची नळी बसवली. पिस्टन वरच्या टोकाला आणून ठेवला, गाडी गिअरात टाकली आणि पोराला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगितलं, कारण हवा सोडली की इंजिन फिरायला बघतं. मग हवा सोडली. गॅरेजभर एक बारीक फुसफुस ऐकू यायला लागली. मिस्त्रींनी आधी सायलेन्सरच्या तोंडाला तळहात लावला, काही नाही. क्रँककेसच्या ब्रीदरची, म्हणजे इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी, नळी बोटात धरली, अगदी किरकोळ. रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघितलं, बुडबुडे नाहीत. म्हणजे हेड गॅस्केट शाबूत, रिंगाही कामचलाऊ. मग ॲक्सिलेटर पूर्ण उघडून मला म्हणाले, “हितं कान लावा.” कार्बोरेटरच्या तोंडाशी कान नेला तर हवा थेट गालावर आली. इनटेकचे व्हॉल्व्ह मिटत नव्हते. कुठलाही पार्ट बदलण्याआधी, कुणाच्या सांगण्यावर न विसंबता, दोष नेमका कुठे आहे हे मला माझ्या कानाने कळलं.

त्यानंतर हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं, झाकण उघडून फिलर गेजच्या पातळ पात्यांनी फटी मोजल्या. या इंजिनात इनटेकला ०.१० ते ०.१५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.१७ ते ०.२२ मिलिमीटर फट हवी. एक्झॉस्टचे दोन्ही व्हॉल्व्ह बरोबर मापात. इनटेकचे कडेचे दोन ०.०८ आणि ०.०७. मधल्या व्हॉल्व्हमध्ये ०.०३ ची पात शिरेना. मिस्त्रींकडे शाळेच्या चौरेघी वहीसारखी एक लांबडी वही आहे, त्यात त्यांनी गाडीचं चित्र न काढता फक्त पाच गोल काढले आणि प्रत्येक गोलात आकडा लिहिला. तारीख घातली. खाली माझी सही घेतली! मी आजवर अनेक गॅरेजात बिलावर सही केली आहे, मापाच्या कागदावर पहिल्यांदाच.

पुढचं काम नाजूक होतं आणि त्यांनी ते तसंच केलं. टायमिंगच्या खुणा जुळवून घेतल्या, कॅम फिरवणारी चेन खाली पडू नये म्हणून तारेने वर बांधली, चेनच्या पोकळीत स्वच्छ फडकं कोंबलं म्हणजे चुकून काही सुटलं तर इंजिनच्या पोटात जाणार नाही. मग कॅम काढून, व्हॉल्व्हवरची टोपीसारखी बकेट चुंबकाने उचलून, त्याखालची शिम बाहेर घेतली. शिम म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी पोलादी चकती. तिच्यावर आकडा छापलेला असतो, पण मिस्त्री छापलेल्या आकड्यावर जात नाहीत, मायक्रोमीटर लावतात. मधल्या व्हॉल्व्हखाली १.८५ ची होती, तिथे १.७५ ची घातली. कडेच्या दोन्ही ०.०५ ने पातळ केल्या. सगळं बसवून, इंजिन हाताने काही फेरे फिरवून परत मोजलं आणि त्याच पानावर नव्या ओळीत नवे आकडे लिहिले. तिन्ही मापात.

जुनी शिम दगडावर घासून पातळ करून देणारे आहेत. हे करत नाहीत. त्यांच्याकडे शिमांचा डबा आहे, ०.०५ च्या टप्प्याने लावलेला, आणि हवी ती नसली तर मागवून घेईपर्यंत गाडी तशीच ठेवतात. आणखी एका गोष्टीला त्यांनी साफ नकार दिला, ती म्हणजे व्हॉल्व्ह लॅपिंगला. मीच विचारलं होतं, कारण ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासून बसवतात हे माझ्या वडिलांच्या डिझेल इंजिनावर लहानपणी बघितलं होतं. टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवर कठीण थराचा एक पातळ मुलामा असतो. पेस्टने घासलं की तोच निघून जातो, आणि मग आतला मऊ धातू सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह ज्या कड्यावर मिटतो त्यावर, आपटून आपटून झिजतो, फट भराभर कमी होते. आमच्या मधल्या व्हॉल्व्हचं असंच झालं असावं असा त्यांचा अंदाज, कारण पहिल्या मालकाने हेड उघडल्याच्या खुणा दिसत होत्या. एअर फिल्टरही त्यांनी मला हातात धरून दाखवला. फोम तेलाने नीट भिजलेला नसला की लाल मातीची बारीक धूळ आत जाते आणि इनटेकच्या व्हॉल्व्हवरून घासत जाते. म्हणून इनटेकचे आधी जातात, एक्झॉस्टचे नंतर. आता दर सरावानंतर फोम धुऊन, वाळवून, तेल चोळून बसवणं हे लेकीचं काम आहे आणि ती ते करते.

गाडी लागली. थंड असताना चोकवर, आणि तापवून बंद केल्यावर पुन्हा, लेकीच्या साध्या किकने. तिचा चेहरा बघून मिस्त्रींनी स्टूल ओढलं आणि तिला किक मारायला शिकवायला बसले. यासाठी त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत, पण माझ्या मते हा धडाही तेवढाच मोलाचा होता. एफसीआर कार्बोरेटरला ॲक्सिलरेटर पंप असतो. हँडल पिरगाळलं की इंजिन बंद असलं तरी पेट्रोलची पिचकारी आत जाते. गाडी लागत नाही म्हणून घाबरून पिळत राहिलं तर प्लग ओला होऊन उरलीसुरली शक्यताही जाते. त्यामुळे किक मारताना मूठ पूर्ण बंद, मनगटही हलता कामा नये. दांडा आधी हळू दाबत न्यायचा, कडक लागला की थांबायचं, वर येऊ द्यायचा, आणि मग वरपासून खालपर्यंत एकच पूर्ण किक. अर्ध्या-अर्ध्या दहा किका मारण्यात दम जातो, बाकी काही होत नाही. गरम गाडी पडून बंद झाली तर हँडलवरचा हॉट स्टार्टचा छोटा लिव्हर ओढून धरून किक मारायची, त्याने जादा हवा आत जाते. पेट्रोल फारच भरलं असेल तर हॉट स्टार्ट ओढून, मूठ पूर्ण उघडी ठेवून काही किका मारून आतलं बाहेर काढायचं, आणि मग मूठ बंद करून नेहमीसारखी किक. उंची, वजन, ताकद यातलं काहीही कमी पडत नव्हतं. ज्याने माझ्या लेकीला तसं म्हटलं होतं त्याने टॅपेट तपासले नव्हते, एवढंच.

कार्बोरेटर त्यांनी सगळ्यात शेवटी उघडला आणि तिथेही घाण निघालीच. पायलट जेट, म्हणजे गाडी हळू चालताना आणि सुरू होताना पेट्रोल देणारं जेट, आमचं ४२ नंबरचं आहे. त्याचं भोक साधारण ०.४२ मिलिमीटर. त्यात हिरवट पिवळा चिकट थर बसला होता. हा विषय माझ्या नोकरीचा असल्याने यावर थोडं सविस्तर लिहिते.

आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं बरंचसं इथेनॉल आपल्याच भागातल्या उसातून तयार होतं आणि मला त्याचा अभिमान आहे, हजारो घरं त्यावर चालतात. डिस्टिलरीतून बाहेर पडताना ते अगदी कोरडं असतं, पाण्याचा अंश टिकू नये म्हणून पाणी शोषणाऱ्या दाण्यांच्या मॉलिक्युलर सिव्हमधून काढलेलं. पण इथेनॉलचा स्वभावच पाणी ओढून घेण्याचा. रोज चालणाऱ्या स्कूटरमध्ये भरलेलं पेट्रोल संपून जातं, प्रश्न येत नाही. डर्ट बाईक मात्र दोन शर्यतींच्या मध्ये आठवडेच्या आठवडे उभी असते आणि कार्बोरेटरचा बाऊल, म्हणजे पेट्रोल साठणारी वाटी, नळीवाटे बाहेरच्या हवेला उघडा असतो. पेट्रोलमधला हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो, राहिलेलं चिकट होतं, पावसाळ्यातली ओल त्यात मुरते. पाणी फार झालं तर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि जेट नेमकं तळातूनच ओढतं. यावर औषधाच्या बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. सराव संपला की पेट्रोलचा कॉक बंद करायचा, बाऊलखालचा स्क्रू सैल करून त्यातलं पेट्रोल डब्यात काढून घ्यायचं. गाडी महिनाभर वापरायची नसेल तर टाकीही रिकामी करून ते पेट्रोल स्कूटरमध्ये ओतायचं. पुढच्या वेळी ताजं भरायचं. आम्ही हे करायला लागल्यापासून जेट स्वच्छ निघतं.

आता वाहतुकीकडे येते, कारण सुरू न होण्याचा अर्धा त्रास रस्त्यात तयार होतो. मामांच्या आधी आम्ही ज्या टेम्पोतून गाडी पाठवली होती, त्याने ती कडेला रेलवून, नायलॉनच्या दोरीने हँडलला आणि सायलेन्सरला बांधून नेली. पेट्रोलचा कॉक उघडाच. हौद्यात पेट्रोल सांडलेलं, एअर बॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात, पेट्रोल, प्लग ओलाचिंब, सायलेन्सरला दोरीचे वळ, आणि पुढच्या एका शॉकअपच्या सिलमधून तेल. ट्रॅकवर पोचून पहिला तास गाडी सुकवण्यात गेला. तिरकी झालेली गाडी कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटला फसवते. तो जिथे थांबवायला हवा तिथे पेट्रोल थांबवू शकत नाही, आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला थोडं थोडं पेट्रोल इंजिनात उतरत राहतं. मग ती किकला लागेल कशी?

मामांचा बोलेरो पिकअप आहे. त्यांनी हौद्याच्या पुढच्या भिंतीला लोखंडी चॅनेलचा खाचा वेल्डिंग करून घेतलाय, त्यात पुढचं चाक फिट्ट बसतं आणि डावीउजवीकडे वळत नाही. फाळका उघडून लावायची फळी रुंद आहे, वर जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा ठोकलेला, त्यामुळे ओल्या टायरने गाडी घसरत नाही. गाडी इंजिन बंद ठेवून ढकलतच वर चढवतात. माझ्या लेकीने एकदा हौसेने गिअरात टाकून वर न्यायची म्हटलं तर ‘पोरी, फळीवर मस्ती नको’ म्हणून थेट नकार दिला.

बेल्ट आम्ही आमचे विकत घेतले, रॅचेटवाले. पुढून दोन, हँडलच्या खालच्या जाड भागाला कापडी फासा घालून, तिथून पुढे आणि बाहेरच्या बाजूला तिरके. हँडलच्या टोकांना बांधायचं नाही, तिथून गाडी पिळवटते आणि क्लचची केबल, लिव्हर सगळं दबतं. पुढचा टायर आणि वरचं मडगार्ड यांच्यामध्ये लाकडी ठोकळा ठेवायचा. मग बेल्ट कितीही ताणला तरी शॉकअप एका हद्दीपलीकडे दबत नाहीत आणि आतल्या तेलाचा दाब सिलवर येत नाही. ठोकळा मिस्त्रींच्या शेजारच्या सुताराने कापून दिला, आमच्या गाडीच्या मापाने. मागच्या चाकाला तिसरा बेल्ट, फक्त चाक इकडेतिकडे उडू नये एवढाच. कॉक बंद आहे हे मामा स्वतः हात लावून बघतात, आमच्या सांगण्यावर राहत नाहीत.

त्यांची मला सगळ्यात आवडलेली सवय सांगते. निघाल्यावर किणीच्या टोलनाक्यापुढे गाडी बाजूला घेऊन ते हौद्यात चढतात आणि तिन्ही बेल्ट हाताने दाबून बघतात. पहिल्या काही किलोमीटरमध्ये टायर आणि शॉकअप जागेवर बसतात आणि बेल्ट सैल होतात, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, मशिनरी नेता नेता कळलेलं आहे. महामार्गाच्या रुंदीकरणामुळे कोल्हापूर ते सातारा या टप्प्यात वळणरस्ते आणि उखडलेले तुकडे फार. तिथे ते वेग टाकतात. परत एकदा तासवड्याच्या टोलनाक्याला थांबतात. पुण्यात गाडी उतरवली तेव्हा हौदा कोरडा होता, पेट्रोलचा वाससुद्धा नव्हता, आणि लेकीने तिथल्या तिथे चोक ओढून किक मारली तर गाडी लागली.

कागदांबद्दल एक गोष्ट आवर्जून लिहिते. या गाडीला आरसी नसते, कारण रस्त्यासाठी तिची नोंदणीच होत नाही. नाकाबंदीत हौद्यातली बिननंबरची मोटारसायकल बघून पोलीस थांबवणारच, आणि त्यांचं ते कामच आहे. आम्ही खरेदीची पावती, आधीच्या मालकाकडचे आयातीचे कागद, लेकीचं स्पर्धेचं लायसन्स आणि शर्यतीच्या प्रवेशाची प्रिंट, सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून मामांच्या डॅशबोर्डवर ठेवतो. कर्नाटकात जायचं असेल तर सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढे हे आणखी उपयोगी पडतं. मोबाइलमधले फोटो दाखवून भागतं असं समजू नये, वाटेत रेंज नसते आणि कागद हातात दिला की बोलणं लवकर मिटतं.

खर्च. मिस्त्रींनी हवेची चाचणी, टॅपेटचं माप, तीन शिमा, कार्बोरेटर सफाई आणि झाकणाचं नवीन गॅस्केट मिळून पाच हजारांच्या आत बिल केलं. बिलात प्रत्येक ओळ वेगळी. आधी जेट आणि प्लगांवर याहून जास्त गेले होते. मामा कोल्हापूर-पुणे जाऊन-येऊन, मुक्काम धरून, साडेनऊ हजार घेतात, टोल वेगळा. एकट्या गाडीसाठी हे जड जातं. सांगली किंवा इस्लामपूरकडचा आणखी एखादा रायडर जोडीला मिळाला तर हौद्यात दोन गाड्या उलटसुलट तोंडाने बसतात आणि भाडं निम्म्यावर येतं.

मामांचा एक तारा मी का कापला, तेही सांगायला हवं. एकदा परतीच्या वाटेवर त्यांनी मंचर बाजूने आलेले भाजीचे क्रेट गाडीच्या शेजारी भरले. परतीचं भाडं हवं हे मला समजतं, माणसाचा धंदा आहे. पण क्रेट सरकून रेडिएटरच्या पंख्या एका बाजूने दबल्या, आणि हे सांगून भरलं असतं तर आम्ही मध्ये गोणपाटाची गादी घातली असती. मी बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, पंख्या सरळ करायचे पैसे भाड्यातून स्वतःहून वजा केले. दुसरं म्हणजे ताडपत्री. त्यांच्याकडची फाटकी आहे, सातारच्या पुढे पाऊस लागला की एअर बॉक्समध्ये पाणी जातं. आम्ही आता सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याचा बोळा आणि सीटवरून आमचं प्लास्टिक लावतो. बोळा काढायला विसरू नये म्हणून त्याला लाल फीत बांधली आहे. नवी ताडपत्री आणली की पाचवा तारा लगेच देईन, त्यांना तसं सांगितलंय.

मिस्त्रींकडे जायचं तर सकाळी जा, दुपारनंतर ते लेथवर असतात. गाडी गरम करून नेऊ नका, नाहीतर ती निवेपर्यंत माप घेणार नाहीत. घाई असेल तर सरळ सांगतात की दुसरीकडे बघा. आमच्या इनटेकच्या व्हॉल्व्हबद्दल त्यांनी आत्ताच स्पष्ट कल्पना देऊन ठेवली आहे. एकदा शिम बदलून फट लवकरच परत कमी झाली तर शिम पातळ करत बसायचं नाही, कारण तेव्हा व्हॉल्व्हच संपलेला असतो, आणि तसाच पळवला तर त्याचं डोकं तुटून पिस्टनवर पडू शकतं. मग हेड उतरवून, व्हॉल्व्हची सीट कापून, नवे व्हॉल्व्ह घालायचे. टायटॅनियमचे महाग पडतील, म्हणून स्टीलचे आणि त्याला साजेशा कडक स्प्रिंगा घालायच्या असं त्यांचं मत आहे. शर्यतीत थोडा फरक पडेल, पण आयुष्य जास्त. लेकीला टायटॅनियमच हवेत. पुढचं माप पावसाळा संपल्यावर आहे. मधल्या व्हॉल्व्हचा आकडा काय येतो ते बघून दोघी मिळून ठरवू.